एनिड हेगचा बॉयलर सारखा का विझायचा

आमच्या नेव्हिलला एका जागी बसता येत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. एकेचाळीस वर्षं त्याच्याशी संसार केला, आणि त्यातली निम्मी "बस ना रे जरा" म्हणण्यात गेली. चहा उभ्यानं. जेवण अर्धं टेबलाशी, अर्धं खिडकीशी. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की यजमान कोट काढून घेईपर्यंत ह्याचा हात भिंतीलगतच्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर. वरून गार, खालून गरम? आत हवा अडकलीय. खालून गार, वरून गरम? गाळ साचलाय. माझ्या भाचीच्या लग्नात नवरानवरी केक कापतायत, आणि हे महाशय नव्या सुटात हॉलच्या कोपऱ्यात गुडघे टेकून रेडिएटरमधली हवा सोडतायत! काळं पाणी उडालं शर्टावर. फोटोत आहे ते, बघायचं असेल तर.

रेडिएटरांना गरम पाणी पुरवणारे घरोघरचे गॅसचे बॉयलर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आमचं बॅटली आणि आजूबाजूची चार गावं त्याच्याकडे होती. नव्या बॉयलरांचं काम त्याला येत होतं, पण जीव जुन्यांत. बाकीचे दुरुस्तीवाले जुना बॉयलर दिसला की "काढून टाका हो, कशाला ठेवलाय" म्हणून मोकळे होत. नेव्हिल आधी टोपी काढायचा आणि कान लावायचा. किटलीसारखा खदखदला, तर आत क्षारांचा थर साठलाय. पेटताना धप्प आवाज आला, तर गॅसचं तोंड चोंदलंय. मग उघडून बघायचा, आणि दहातल्या नऊ वेळा ऐकलेलं बरोबर निघायचं. काम झालं, पैसे मिळाले, तरी गल्लीच्या टोकाला गाडी वळवून परत जायचा. "एकदा बघतो हं पेटलाय ना." अशानं रोज जेवायला उशीर. मी चिडायचे, तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच.

फोन माझ्याकडे असायचा. जिन्याखाली स्टूल, वही, पेन्सिल. आणि माझा एक नियम होता, नेव्हिल निघाला की पुढच्या घरी आधी फोन करायचा. "येतोय हं, पंधरा मिनिटांत." आमच्याकडे न कळवता कुणाच्या दारात उभं राहत नाहीत. दुरुस्तीवाला येणार म्हटलं की बाई गालिचा झटकते, वाळत घातलेले कपडे लपवते, चांगले कप काढते. नळ गळणारा असला तरी आधी मोरी घासते! मी स्वतःसुद्धा तेच करते, त्यामुळे मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

आता एनिड हेगबद्दल. आंटी एनिड म्हणायचे मी तिला, लहानपणापासून. आमच्या मागच्या गल्लीत राहायची. वय एक्याऐंशी, नवरा आर्नल्ड चार वर्षांपूर्वी गेलेला. चढावरच्या दगडी रांगेतलं शेवटचं घर, वारा तिन्ही अंगांनी. एकुलता मुलगा कीथ, तिकडे दक्षिणेत मोठ्या नोकरीत. वाईट माणूस नव्हता तो. हे घडलं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यानं आईच्या सगळ्या जुन्या लाकडी खिडक्या काढून नव्या प्लॅस्टिकच्या, दुहेरी काचेच्या बसवून दिल्या. पण जाताना टेबलावर वृद्धाश्रमाची दोन रंगीत माहितीपत्रकं ठेवून गेला. "आई, ह्या घरात आता एक जरी भानगड झाली ना, तर मी तुला तिथं नेणार. मग रडायचं नाही."

आंटी एनिडनं ती पत्रकं कोळशाच्या जुन्या बादलीत टाकली होती. त्या घरात ती एकोणीस वर्षांची नवरी म्हणून आलेली. "मी इथून आडवी जाईन, उभी नाही," असं चॅपलातल्या सगळ्यांना सांगून झालं होतं.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. आवाज दबलेला, जसा काही कीथ शेजारीच उभा आहे.

"डोरीन, बॉयलर विझला गं. तुझ्या नवऱ्याला पाठव. आणि कीथला कळता कामा नये."

"कीथला मी कशाला सांगतेय, आंटी एनिड?"

"नाही, पण तुझं तोंड मला माहितीये."

घ्या! हे ऐकून घेऊन मी नेव्हिलला पाठवलं.

तिचा बॉयलर नेव्हिलनंच पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेला. बैठकीच्या खोलीत पुढे खोली तापवायची गॅसची शेगडी, मागे धुराड्याच्या पोटात बॉयलर. असा बॉयलर खोलीतलीच हवा घेऊन जळतो, म्हणून भिंतीत जमिनीलगत हवेची जाळी ठेवावी लागते. ती उघडी पाहिजे म्हणजे पाहिजेच. आणि ती जाळी म्हणजे घोट्यांवर सुरीसारखा वारा. फार वर्षांपूर्वी एकदा नेव्हिलला त्या जाळीत वर्तमानपत्र कोंबलेलं सापडलं होतं, तेव्हा तो आवाज चढवून बोलला होता. "मिसेस हेग, परत असं दिसलं तर लाल चिठ्ठी लावीन आणि गॅस तोडून जाईन." लाल चिठ्ठी म्हणजे हा बॉयलर धोक्याचा, वापरायचा नाही. त्यानंतर जाळीत कधी काही दिसलं नाही.

पहिल्या खेपेला त्याला दिसलं की पायलट विझलाय. म्हणजे बॉयलरच्या आत कायम जळत राहणारी ती छोटी ज्योत. त्यानं तिचं तोंड साफ केलं, पेटवलं, चहा घेतला, आला. चार दिवसांनी पुन्हा विझला. ह्या खेपेला त्यानं दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि धुराची काडी पेटवून शेगडीच्या कडेला धरली. धूर सरळ आत ओढला गेला. म्हणजे धुराडं मोकळं. जाळी बघितली, उघडी. तिसऱ्या खेपेला त्यानं थर्मोकपल बदललं. ती एक तांब्याची काडी असते, ज्योतीची धग तिला लागली तरच ती गॅस चालू ठेवते. जुनी थकलेली होती, नवी दमदार बसली.

त्यानंतर आठ दिवस फोन नाही. बॉयलर विझला नाही.

"झालं ना आता?" मी म्हटलं. "मग बस की."

कसला बसतोय! ओट्याशी येतोय, जिन्याशी जातोय, पेपराच्या कडेला बॉयलरचं चित्र काढतोय. "डोरीन, तो थांबला विझायचा. पण विझत का होता ते मला कळलंच नाही. माझ्यासमोर कसा शहाण्यासारखा वागायचा. पाठ वळली की विझायचा."

"मग लाजत असेल तुला."

"चेष्टा नको करू गं."

डिसेंबरचा दुसरा आठवडा. बाहेर बर्फ, सकाळचे दहा वाजलेले. तो भाजका पाव हातात घेऊन येरझाऱ्या घालतोय, आणि माझ्या स्वच्छ फरशीवर चुरा सांडतोय. त्याचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी आपली काहीबाही बोलत सुटले. म्हटलं, रविवारी आंटी एनिड भेटली चॅपलात, चेहरा कसा ओढलेला. घरी दिवसभर डोकं धरून बसते म्हणे, मळमळतं. पण चॅपलात आलं की तासाभरात मोकळं वाटतं. देवाचाच गुण आहे, म्हणत होती.

तो थांबला. खरंच थांबला, पाव हातात तसाच.

"घरी डोकं दुखतं आणि बाहेर पडलं की थांबतं?"

"हो. म्हातारपण—"

"तू तिला फोन करायचीस ना, मी निघालो की? काय म्हणायची ती?"

"काय म्हणणार? 'दहा मिनिटं दे गं मला,' म्हणायची. दर वेळी."

"दहा मिनिटं? कशाला?"

"अरे आवरायला! बाईमाणसाच्या घरात—"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "घर तर तिचं आरशासारखं असतं, डोरीन. ती दहा मिनिटं कशाला लागायची तिला?" त्यानं गाडीची चावी घेतली. "आज फोन करू नकोस. काय वाटेल ते होवो, करू नकोस."

"म्हणजे तू असाच जाऊन थडकणार? ती केसांना पिना लावून बसलेली असली तर? लाज नाही वाटणार तुला?"

"नाही वाटणार," म्हणाला आणि गेला. कोट बटणं न लावता.

आणि मी, खोटं कशाला सांगू, पाच मिनिटांनी फोन केलाच. मला राहवेना. जनरीत म्हणून काही आहे की नाही? घंटा वाजत राहिली. वीस वेळा मोजली मी. आंटी एनिड बर्फात कुठं जाणार होती?

तिथं काय झालं ते नेव्हिलनं नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. मागचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. खोलीत शिरल्याबरोबर खिडक्यांवरून पाणी ओघळताना दिसलं. शेगडीची ज्योत निळी नाही, पिवळी, लोळणारी. आंटी एनिड खुर्चीत, मान कलंडलेली, गाल लालगुलाबी, मांडीवर विणकाम. आणि सोफ्याच्या मागे, जाळीत, आर्नल्डचा तपकिरी स्वेटर घट्ट कोंबलेला.

त्यानं गॅस बंद केला, तिला उचललं आणि मागच्या पायरीवर बर्फात नेऊन बसवलं, आपला कोट तिच्याभोवती गुंडाळून. शेजारणीला हाक मारून रुग्णवाहिका बोलवायला लावली. आत पळत जाऊन दारं-खिडक्या उघडल्या, स्वेटर ओढून काढला. ती जाळी ती वर्षानुवर्षं कोंबत आली होती! जुन्या खिडक्यांच्या फटींतून हवा यायची, म्हणून निभावत होतं. नव्या खिडक्या बसल्या आणि खोली डब्यासारखी बंद झाली, गॅस अर्धवट जळून विषारी वायू आतच साठायला लागला. हवा संपली की पायलट विझायचा. माझा फोन गेला की ती स्वेटर काढायची, खिडकी उघडून हवा खेळवायची, आणि नेव्हिल आला की सगळं ठाकठीक. बॉयलर बिचारा विझून विझून सांगत होता की मला श्वास मिळत नाहीये. नेव्हिलनं नवी दमदार काडी बसवली, मंद ज्योतीवरही गॅस चालू ठेवणारी, आणि त्याचं तेही तोंड बंद केलं. हे शेवटचं वाक्य त्याचं आहे. आयुष्यभर म्हणत राहिला.

पायरीवर ती ओकली, आणि मग जरा शुद्धीवर आली. त्याच्या हातात स्वेटर दिसला तिला.

"पोरा," म्हणाली, "कीथला सांगू नकोस."

"मिसेस हेग, बोलू नका आता. श्वास घ्या."

"नाही, आधी शब्द दे. मी कोंबलं हे कळलं तर तो मला तिकडे टाकील. माझं घर जाईल रे. शब्द दे."

"दिला," म्हणाला नेव्हिल. दुसरं काय म्हणणार होता? ती त्याची बाही सोडतच नव्हती.

कीथ त्याच संध्याकाळी ड्यूसबरीच्या इस्पितळात पोचला. नेव्हिलनं बॉयलरवर लाल चिठ्ठी लावली होती आणि त्यावर लिहिलं होतं, आत काजळी साठलेली, वापरू नये. तेवढंच. जाळीबद्दल अक्षर नाही. कीथ आधी घरी जाऊन ती चिठ्ठी आणि आधीच्या पावत्यांवरच्या तारखा बघून आला होता, आणि इस्पितळाच्या बोळातच सुरू झाला.

"महिन्यात तीन वेळा आला होतात तुम्ही! तीन वेळा! आणि आत काजळी भरतेय हे दिसलं नाही तुम्हाला? माझी आई मेली असती!"

नेव्हिल टोपी हातात घेऊन उभा. "चुकलं माझं, साहेब. मी नवा बसवून देतो. तो हवा बाहेरून घेतो, खोलीत जाळीबिळी काही लागत नाही. पुन्हा असं व्हायचं कारणच उरणार नाही."

"तुमच्या हातून? वेड लागलंय का मला?" कीथ म्हणाला. "नवा मी दुसऱ्याकडून बसवून घेईन, आई घरी यायच्या आत. आणि तुमचं काय करायचं ते बघतोच."

म्हणजे आंटी एनिडचं घर वाचलं होतं. दोष नेव्हिलच्या डोक्यावर होता तोवर ती परत आपल्या घरी जाणार होती. हे त्याला त्या बोळातच कळलं. मला कळायला नऊ दिवस लागले.

कीथनं तक्रार केली. गॅसवाल्यांची नोंद ठेवतात त्या ऑफिसातून पत्र आलं, चौकशी होईपर्यंत काम बंद. नेव्हिलनं ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि जेवायला बसला. बसला! शेवटपर्यंत, खुर्चीत. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र पायाला भिंगरी लागली. काम नाही, आणि हात तर थांबत नाहीत. आमच्याच घरातले रेडिएटर उघडायला लागला. रोज हवा सोडायचा. असून असून हवा असणार किती! आमचा बॉयलर चार वेळा खोलून साफ केला, चांगला चालणारा. सगळे पाने आकाराप्रमाणे लावले, मग उतरत्या क्रमानं लावले. बाहेर जायचा, गल्लीच्या टोकापर्यंत, परत यायचा. दुकानात लोक बोलायचे थांबायचे तो शिरला की. जिला ह्यानं वीस वर्षं ऊब दिली, त्या बेकरीवाल्या बाईनं मला तोंडावर विचारलं, "डोळे अधू झालेत का गं त्याचे?" असा संताप आला मला! पाव तिथंच ठेवून आले.

"अरे तू बघितलं नाहीस असं होईलच कसं?" मी विचारायचे. "दुसऱ्याच्या लग्नात रेडिएटर बघणारा माणूस तू!"

"चुकलं," म्हणायचा. पुन्हा पाने मोजायला.

नवव्या दिवशी मी त्याची हत्यारांची पिशवी झटकायला घेतली. तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, आर्नल्डचा तपकिरी स्वेटर. मी तो ओळखला. चॅपलात दर रविवारी बघितलेला होता. त्यावर जाळीच्या पट्ट्यांचे काळे वळ उठले होते.

"हे काय आहे, नेव्हिल?"

मग सगळं बाहेर आलं. पायरी, बर्फ, शब्द.

"अरे देवा. म्हणजे तुझी काही चूक नाही! सांग ना मग कीथला!"

"चूक आहे. जाळीत हात घालून बघितला असता तर लोकरीचे तंतू लागले असते हाताला. आणि लाल चिठ्ठीची धमकी मीच दिली होती, म्हणून लपवत होती ती."

"तुझं परवान्याचं कार्ड जाईल, नेव्हिल. तुला दुसरं काय येतं? काय करणार आहेस तू उद्यापासून?"

"तिचं घर जाईल, डोरीन."

"आणि तू? तुझं काय?"

"मी सत्तावन्नचा आहे. ती एक्याऐंशीची." मग म्हणाला, "मी शब्द दिलाय. तूही दे."

मी मान हलवली. होकारार्थीच हलवली, कबूल करते.

पण पुढचे तीन दिवस त्याच्याकडे बघवेना. पंधरा डिसेंबरनंतर आमच्या भागात बॉयलरवाल्याला मरायला फुरसत नसते. फोन वाजत होता, आणि मी "नाही हो, तो सध्या घेत नाही कामं" म्हणत होते. तो जिन्यावर उभा राहून ऐकायचा. कुणाचा बॉयलर खदखदतोय, कुणाचं पाणी तापत नाही. "सांग त्यांना, पंपाला पान्यानं हलकं ठोकून बघा म्हणावं," असं कुजबुजायचा. मी फोन ठेवला की हात खिशात, काढले की पुन्हा खिशात. अंगाखाली निखारे असल्यासारखा. रात्रंदिवस नुसता धुमसत होता आणि आवाज एवढासाही नाही. त्यापेक्षा त्यानं चार कप फोडले असते तर मला बरं वाटलं असतं.

एकवीस तारखेला सकाळी तो कोपऱ्यावर पेपर आणायला गेला. मी स्टुलावर बसले. कीथचा नंबर वहीत होताच, आंटी एनिडनंच कधीतरी दिलेला, अडीअडचणीला म्हणून. तो फिरवला.

"मिस्टर हेग, मी डोरीन ओल्डरॉइड. ऐका. बॉयलरला काही झालं नव्हतं. तुमच्या आईनं हवेची जाळी कोंबून ठेवली होती, वर्षानुवर्षं. तुमच्या वडिलांच्या स्वेटरानं. आणि माझा नवरा यायच्या आधी ती तो काढून ठेवायची. स्वेटर माझ्या मांडीवर आहे आत्ता."

मग तो म्हणाला, अगदी सभ्यपणे, "कळवलंत हे बरं केलंत, मिसेस ओल्डरॉइड. आता प्रश्न बॉयलरचा राहिला नाही."

"म्हणजे?"

"आज जाळी कोंबली. उद्या शेगडी उघडी ठेवून झोपेल. मी तिला एकटीला ठेवू शकत नाही. तक्रार मी मागं घेतो. तुमच्या यजमानांची माफी मागतो."

मी म्हणाले, अहो, नवा बॉयलर बसला की जाळीचा प्रश्नच नाही, नेव्हिल म्हणत होता. पण त्यानं फोन ठेवला होता. किंवा मी ते पुरेसं जोरात म्हणाले नाही. आजही नीट सांगता येत नाही मला.

नेव्हिल पेपर घेऊन आला. माझ्या मांडीवरचा स्वेटर बघितला, फोन बघितला.

"केलास?"

"केला."

वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं त्यानं. त्यानं पेपर टेबलावर ठेवला, सरळ केला, आणि मागच्या अंगणात जाऊन गाडीवरचं बर्फ खरवडत बसला. गाडी कुठं जायची नव्हती. त्यानंतर त्या फोनबद्दल तो मला एक शब्द बोलला नाही, मरेपर्यंत. कार्ड परत आलं, कामं परत आली, बेकरीवाली परत हसायला लागली. आणि आंटी एनिडला इस्पितळातून परस्पर मिरफील्डच्या वृद्धाश्रमात नेलं, "थोडे दिवस" म्हणून. ईस्टरच्या आत घर विकलं गेलं.

नेव्हिल दर गुरुवारी तिला भेटायला जायचा. ती त्याच्याशी बोलायची नाही. भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि हा उभा. तरी जायचा. मे महिन्यात एकदा मी बरोबर गेले, आल्याचा केक डब्यात घेऊन. तोवर मी टाळलं होतं.

खोली इतकी तापलेली की घाम फुटला. खिडकी चार बोटंच उघडायची, पुढे अडसर. आंटी एनिड खुर्चीत, हातात विणकाम नाही. बारीक झालेली. मला बघून तिचा चेहरा उजळला. "डोरीन! ये गं. बस इथं, माझ्याजवळ."

नेव्हिल दारापाशी उभा, टोपी हातात. तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तू पायरीवर शब्द दिला होतास मला."

"हो, मिसेस हेग."

"मी तुझी बाही धरून मागितला होता."

"हो."

"मग कीथला कसं कळलं?"

मी डब्याचं झाकण घट्ट धरलं. नेव्हिलनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढं साधं होतं ते, नुसती नजर जरी वळली असती तरी तिला कळलं असतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "राहवलं नाही मला."

"साठ वर्षं राहिले मी त्या घरात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुझ्या पोटात दोन आठवडे राहिलं नाही." मग माझ्याकडे वळली, आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गरम होते, कोरडे. "कशी गं राहतेस तू असल्या माणसाबरोबर? तुझं आपलं तोंड तेवढं मोठं, पण मन सोन्यासारखं. लहानपणापासून बघतेय मी तुला."

बोल, डोरीन, मी स्वतःला म्हणत होते. आत्ता बोल. नेव्हिल पुढे झाला, खिडकीखालच्या रेडिएटरवर हात ठेवला, तसाच उचलला आणि म्हणाला, "केक कापू का मिसेस हेग तुमच्यासाठी?"

"नको. डोरीन कापेल," ती म्हणाली.

मी कापला.